इसालेचं कुंपण मी उपटलं

फोइबेकडे,
फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार

प्रिय एलिंगाया,

बुधवारी सकाळी डोंगरावर येणाऱ्या पहिल्या गाडीच्या टपावरून तुझ्या फाटकाशी इसालेच्या झुडपांचा भारा पडला, तो मीच पाठवला होता. ड्रायव्हरला बोल लावू नकोस. तो बिचारा हात जोडून म्हणत होता, "मावशी, उपटलेली इसाले माझ्या गाडीवर नको गं, वाटेत चाक निखळायचं." त्याला पोटभर केळी-मटण खाऊ घातलं, तेव्हा कुठे तयार झाला. झुडपं मुळांसकट आहेत. लावलीस तर जगतील, मरायचं त्यांना ठाऊकच नाही. बाबांच्या कुंपणातून एकतीस वर्षांपूर्वी मी ज्या फांद्या मोडून आणल्या होत्या, त्यांचीच ही वाढ. तुझं होतं ते तुझ्याकडे आलं. आता माझ्या जागेवर तुझं काही राहिलं नाही, एवढं लक्षात ठेव आणि पुढचं वाच. रागाने कागद फाडू नकोस, कारण खरी बातमी पुढे आहे.

नाताळात तू मला वर बोलावलंस. बकरा कापल्यावर बहिणीच्या वाट्याचं मांस बाजूला काढून केळीच्या पानात बांधून माझ्या हातात दिलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? घरी सगळी जमली होती, दार-एस-सलामहून तुझे दोन्ही मुलगे आले होते, आणि मला वाटलं, चला, म्हातारपणी का होईना भावाला बहीण आठवली. मग जेवणं झाल्यावर तू केळीच्या दारूचा भोपळा माझ्यापुढे धरलास आणि म्हणालास, "ताई, तुझं वय झालं. खालच्या धुळीत किती दिवस काढणार? वर ये. मागची खोली तुझी. बाबांच्या पायाशी तुझ्यासाठी जागाही राखून ठेवलीय. फक्त सरकारची मोजणी चालली आहे तोवर खालची जागा माझ्या नावावर लागू दे." मी भोपळा खाली ठेवला, आठवतं? तुला वाटलं मला चढली. चढली नव्हती. मी विचार करत होते की या किहांब्यात, आपल्या वाडवडिलांच्या घर-मळ्यात, मला पुरायला जागा आहे, मग जगायला का नव्हती?

ते साल तू विसरला असशील, मी नाही विसरले. रोम्बोला सासरी माझा नवरा वारला, मूल नव्हतं, दिरांनी चाळीस दिवसही थांबू दिलं नाही. मी गाठोडं घेऊन घरी आले तेव्हा बाबांना जाऊन महिनाच झाला होता आणि धाकटा म्हणून घर, केळी, कॉफीची झाडं, थडगी, सगळं तुझं झालं होतं. आपल्यात तशीच रीत आहे, त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. मला फक्त गोठ्यालगतचा कोपरा हवा होता. थोरली माणसं अंगणात बसली आणि म्हणाली, "लग्न झालेल्या मुलीला किहांब्यात थारा नाही." तू बावीस वर्षांचा होतास. मांडीवर केळीचं पान घेऊन त्याच्या बारीक चिंध्या करत बसला होतास. एक शब्द बोलला नाहीस. तू मला हाकललंस असं मी कधीच म्हणत नाही, एलिंगाया. तू गप्प बसलास, एवढंच म्हणते.

निघताना मी बाबांच्या थडग्याजवळच्या कुंपणातून हाताला लागतील तेवढ्या फांद्या मोडल्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तुझी बायको ओरडली, "अहो, ती इसाले नेतेय!" तेव्हा त्या थोरल्यांतले आपले किवेलूकाका म्हणाले, "नेऊ दे, कुठे लावणार आहे?" कुठे लावणार होते, मलाही माहीत नव्हतं. पण ज्या जागेला इसाले नाही ती जागा कुणाचीच नसते, हे आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलोय. दुसरं काही न्यायला नव्हतं, म्हणून कुंपण घेऊन निघाले.

डोंगर उतरून मी आले ती तिठ्यावर. तिथे तेव्हा होतं काय? एक मोठं झाड, दगड, आणि चढाआधी इंजिन गार करायला थांबणारे ट्रक. तुला ती जागा माझ्याआधीपासून ठाऊक आहे. गाईंसाठी गवत कापायला मी तिथे यायचे तेव्हा तू माझ्या पाठीला बांधलेला असायचास. त्या झाडाखाली तुला उतरवलं की तू तरसाच्या भीतीने माझा कपडा सोडायचा नाहीस, मग एका हाताने तुला धरून दुसऱ्या हाताने कापायचे. भारा डोक्यावर आणि तू पाठीवर असा तो चढ मी किती वेळा चढलेय देव जाणे. म्हणून तू त्या जागेला 'धुळीचा थांबा' म्हणतोस तेव्हा मला राग कमी आणि हसू जास्त येतं. त्या धुळीत तू रांगलायस, बाबा!

गावच्या अध्यक्षांनी दोन साक्षीदारांसमोर पावलांनी मोजून जागा दिली. म्हणाले, "घे बाई, इथे दगडाशिवाय काही उगवत नाही." मी भोवतीने फांद्या खोचल्या, तीन धोंडे मांडले आणि चहा ठेवला. मग केळी उकडली, मग केळ्यात मटण पडलं. ट्रकवाले एकमेकांना सांगायचे, "फोइबेकडे थांबू." पुढे बसवाले आले, त्यांचे कंडक्टर दारात लोंबकळत ओरडायला लागले, "फोइबेकडे! फोइबेकडे उतरणारे पुढे या!" आणि जागेला तेच नाव पडलं. मी कुणाला सांगायला गेले नव्हते. आता म्हणे सरकारी पाटीवरही तेच येणार. तुला त्याची लाज वाटते, हे तू मंडळींना सांगितलंस ते माझ्या कानावर आलं. हाकललेल्या बाईचं नाव पाटीवर! अरे, मग हाकलायचं नव्हतं.

माझ्यानंतर झैना आली, पारे डोंगराकडची, कांद्याचं एक पोतं आणि दोन पोरी घेऊन. नवऱ्याने दुसरी आणली होती. ती माझ्या छपराखाली राहिली आणि आज तिच्या कांद्याच्या वखारीसमोर सकाळी गाड्यांची रांग लागते. मग पिठाची गिरणी आली, आणि गिरणी आली म्हणजे वरच्या बायका दळण घेऊन खाली उतरायला लागल्या. उतरल्या की चार घटका बसायच्या, गप्पा मारायच्या, जाताना मीठ-साबण न्यायच्या. त्यांच्यासाठी जुन्या कपड्यांचा बाजार भरू लागला, मंगळवारी आणि शुक्रवारी. विजेचे खांब आले ते शाळेसाठी म्हणून, पण पहिला दिवा दारूच्या दुकानात लागला. चर्चच्या पाळकांनी त्यावर तीन रविवार प्रवचन दिलं, आणि चौथ्या रविवारी त्याच दुकानातून चर्चला वायर ओढून घेतली. आता तर विटा पाडणारे, मोबाईल दुरुस्त करणारे, गुरांच्या औषधांचं दुकान, मोटारसायकलवर सवाऱ्या नेणारी ती टारगट पोरं, सगळं आहे. निम्म्या घरांच्या डोक्यावर लोखंडी सळ्या उभ्या आहेत, दुसरा मजला कधीतरी होईल म्हणून. पाणी एक दिवसाआड येतं आणि त्यावरून रोज भांडण होतं. गटारं नाहीत. मी कौतुक करत नाही, आहे ते सांगते. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, एलिंगाया. तू वर केळीच्या सावलीत बसून 'हे गाव नव्हे, थांबा' म्हणत राहिलास आणि तुझ्याच वाडीतली माणसं एकेक करून खाली उतरली. कुणी उतरवली त्यांना? कॉफी गेली, एका किहांब्याचे पाच तुकडे झाले, सुनांना चूल मांडायला कोपरा उरला नाही. माणसं काय करणार? जिथे कुणी 'तुला इथे थारा नाही' म्हणत नाही तिथे जाणार.

तुझीही अडचण मला कळते. मुलगे नाताळापुरते येतात, कॉफीची झाडं म्हातारी झाली, हात चालत नाहीत. रस्त्यालगत जागा असती तर लॉज बांधला असता, दोन गाळे भाड्याने दिले असते, असं तुला वाटतं, यात काही पाप नाही. मागितलं असतंस तर जागा शोधून दिली असती, विटावाल्याशी बोलले असते. पण तू मागितलं नाहीस. तू किवेलूकाकांना आणि आणखी दोघांना कोट घालून सुनावणीला घेऊन आलास.

त्या गुरुवारी वॉर्ड ऑफिसच्या ओट्यावर जे झालं त्यात तुझ्याइतकीच चूक माझी. मोजणीची ती तरुण बाई, चष्मेवाली, कागदावर लिहून घेत होती. कुठल्या शहराकडून आली होती कोण जाणे, आपल्या रीती तिला कुठून माहीत असणार? किवेलूकाकांनी मला अगदी गोड आवाजात विचारलं, "फोइबे, तुझ्या कुंपणाची इसाले किती छान वाढलीय! कुठली गं?" आणि मी मूर्ख, छाती फुगवून म्हणाले, "बाबांच्या कुंपणातली!" एकतीस वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच अभिमानाने सांगत आले, तिथेही सांगितलं. हात दाखवून अवलक्षण. काका लगेच तिच्याकडे वळले, "लिहून घे, पोरी. आमच्यात ज्याची इसाले त्याची जमीन. हे कुंपण हिच्या बापाचं, म्हणजे आतली जागा बापाची, आणि बापाचं ते धाकट्या मुलाचं." तुझ्याकडे मी बघितलं. तू या वेळीही गप्प होतास, पण या वेळी तुझ्या हातात केळीचं पान नव्हतं, कागद होता. त्यावर अर्ज आधीच टाइप करून आणला होतास. मोजणीवाली गोंधळली. म्हणाली, "घरातलं भांडण घरात मिटवा. दोन आठवड्यांनी मी येईन तेव्हा हद्द कुणाची ते मला स्पष्ट दिसलं पाहिजे."

बारा दिवस मी विचार केला. आणि मंगळवारी, भर बाजाराच्या दिवशी, सकाळची गर्दी ओसरायच्या आत कुदळ घेऊन बाहेर आले. गुपचूप उपटलं असतं तर लोक म्हणाले असते, चोरी लपवली. पहिल्या झुडपाच्या मुळाशी घाव घातला तसा बाजार थांबला. इसाले कुणी उपटत नाही. उपटणाऱ्याचं घर बसतं, हात वाळतो, आपण लहानपणापासून ऐकलेलं. झैना धावत आली, "अगं बये, डोकं फिरलं का तुझं? कुंपण उपटतेस?" मी म्हटलं, "झैना, हे कुंपण माझी राखण करत नाही, उलट मलाच कोंडतंय. बाजूला हो." मोटारसायकलवाल्यांतला एक म्हणाला, "आजी, मी खणून देऊ?" त्याला मी हात लावू दिला नाही. दुसऱ्याच्या हद्दीला परक्याचा हात लागू नये, ही रीत तुझीच नाही, माझीही आहे. रक्ताच्या माणसानेच उपटायला हवं होतं, आणि रक्ताचं म्हणून मी एकटी. बासष्टाव्या वर्षी! मुळं हात-हात खोल गेलेली. दुपारपर्यंत एक बाजू झाली आणि माझी कंबर धरली. लोक उभे होते, मदत करता येत नव्हती, निघूनही जाववत नव्हतं. मी मातीत बसले. रडू आलं, ते थकव्याचं होतं असं मी सांगितलं. बाबांच्या हाताची होती रे ती झाडं. त्यांनी लावलेल्या झाडाची फांदी होती प्रत्येक.

तेवढ्यात कुंपणाच्या दुसऱ्या टोकाकडून कुदळीचा आवाज यायला लागला. मी मान वर करून बघितलं. लोकांनीही बघितलं, आणि कुणी 'तू कोण हात लावणारी' म्हणालं नाही. संध्याकाळी शेवटचं झुडूप आम्ही दोघींनी मिळून ओढून काढलं.

गुरुवारी तू आलास, काकांना घेऊन. जागा उघडी बोडकी पाहून तुझं तोंड उतरलं, ते मला दिसलं. काका म्हणाले, "आता तर हद्दच नाही, मग जागा कुणाची?" मोजणीवालीनेही तेच विचारलं, "मावशी, आता मी खुंट्या कुठे ठोकू?" एवढा पुढचा विचार मी केलाच नव्हता. तेव्हा झैना पदराला हात पुसत चालत गेली आणि वखारीच्या बाजूच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "इथपर्यंत. या कोपऱ्यावर मी पहिल्या रात्री पोरी निजवल्या, मला माहीत नाही तर कुणाला?" मग गिरणीवाला म्हातारा दुसऱ्या कोपऱ्यावर गेला. तिसऱ्यावर आमचा मासाई पहारेकरी, काठी रोवून. चौथ्यावर पाळकांची बायको. तिठ्यावरचं सगळं गाव बघत होतं आणि कुणी 'तिथे नाही, इकडे' असं म्हणालं नाही. मोजणीवालीने चौघांच्या पायाशी चार सिमेंटच्या खुंट्या ठोकल्या. तू तेवढं पाहिलंस आणि काकांना घेऊन निघून गेलास. चहालाही थांबला नाहीस. थांबला असतास तर हे पत्र लिहावं लागलं नसतं, कारण कागदावर नाव लिहायचं काम त्यानंतर झालं.

या पत्रात एक नाव मी अजून घेतलेलं नाही. तूही दोन वर्षांत घेतलेलं नाहीस. नाताळात तू माझी कंबर, छप्पर, कोंबड्या, सगळ्यांची चौकशी केलीस, पण माझ्या मागच्या खोलीत शिवणयंत्र कोण चालवतं ते विचारलं नाहीस. तुला ठाऊक आहे, आणि तुला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक आहे. तुझी नाएली नवऱ्याचा मार खाऊन, तीन वर्षांच्या मुलीचा हात धरून तुझ्या अंगणात आली, तेव्हा थोरल्या माणसांना बोलवायचीही तुला गरज पडली नाही. तेच वाक्य तू स्वतःच्या तोंडाने बोललास. ती त्याच चढावरून खाली उतरली. रडत नव्हती. मला म्हणाली, "आत्या, बाबा म्हणाले मला थारा नाही." मी म्हटलं, "बस, चहा घे." मंगळवारी दुसऱ्या टोकाकडून कुदळ चालवत होती ती नाएलीच. आणि गुरुवारी मोजणीवालीने विचारलं, "नाव कुणाचं लिहू?" तेव्हा मी माझं सांगितलं नाही. नाएली, एलिंगायाची मुलगी, असं तुझ्या नावासकट लिहवून घेतलं, अंगठा नाही, सही केली, आणि चारही साक्षीदारांनी केली. म्हणजे बाबांच्या रक्तातच जागा राहिली बघ, फक्त ज्या बाजूचं दार तू लावलंस त्या बाजूने गेली. तुझे काका, तुझा टाइप केलेला अर्ज, कशाचाही आता उपयोग नाही, शिक्का बसलाय. मला इसालेच्या पानाला गाठ मारून पाठवू नकोस. गाठ मारलेलं पान आलं की माफ करावंच लागतं, ती रीत मी मोडणार नाही, पण माफी द्यायची आहे ती मी नव्हे. तुला यायचं असेल तर ये, बाजाराच्या दिवशी, उजेडी, पुढच्या दाराने. पण बसायला मी सांगू शकत नाही, तिला विचारावं लागेल. गुरुवारपासून मीसुद्धा तिच्याच घरात राहते.

तुला पाठीवर वाहिलेली, तुझीच
फोइबे